धरणगावहून ट्रॅकवर: घरच्या टीमनं कार रेसिंगचा पहिला वीकेंड कसा पार पाडावा

शर्यतीच्या तीन दिवसांत आमचा ड्रायव्हर दादा गाडीत बसतो तो सगळा मिळून जेमतेम दीड-दोन तास. सरावाच्या फेऱ्या, वीसेक मिनिटांचं क्वालिफाइंग (शर्यतीत कोण कुठून सुरू करणार हे ठरवणारं सत्र) आणि दोन-तीन छोट्या शर्यती. उरलेला सगळा वेळ खाली उभ्या असलेल्या माणसांचा असतो. ही गोष्ट आम्हाला पहिल्या वीकेंडला कळली नव्हती. आम्ही सगळे दादाच्या वेगाचा विचार करत गेलो आणि गाडी ओढायचा हुक नीट नसल्यामुळं अर्धा दिवस तपासणीच्या रांगेत घालवला.

आमच्या टीममध्ये सहा माणसं आहेत आणि सहाही एकाच घरातली. अप्पांचं धरणगावला ट्रॅक्टर-जीपचं गॅरेज, म्हणून पाना त्यांच्या हातात. दादा गाडी चालवतो. चुलतभाऊ चाकं आणि पेट्रोल बघतो. वहिनी नर्स आहे, तिच्याकडं दादाची तब्येत. आई घड्याळ लावते. कागदपत्रं आणि वही माझ्याकडं. चोपड्यापासून शहाद्यापर्यंतची पोरं फोन करून विचारतात, ‘ताई, सुरुवात कुठून करायची?’ त्यांच्यासाठी हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

आधी एकदा नुसते बघायला जा

गाडी घेण्याआधी, लायसन्स काढण्याआधी एक पूर्ण वीकेंड ट्रॅकवर काढा. प्रेक्षकांत बसून फक्त गाड्या दिसतात. पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम जिथं गाड्या लावून काम करतात तिथं, थांबता आलं तर खरं शिक्षण होतं. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे क्लबकडं मार्शल म्हणून नाव देणं. झेंडे दाखवणारी, घसरलेली गाडी बाजूला करणारी माणसं सगळ्याच क्लबना लागतात आणि ती बहुतेक हौशीच असतात. आपल्याला जवळ म्हणजे नाशिक. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकच्या परिसरात झालेली आहे, आणि रॅलीला रस्त्यांवर माणसं भरपूर लागतात. रॅली रस्त्यांवर होते आणि सर्किट रेसिंग बंद ट्रॅकवर, म्हणजे हे दोन वेगळे खेळ आहेत, पण शिस्त तीच.

सर्किट मात्र लांब आहेत. चेन्नईपासून चाळीसेक किलोमीटरवर श्रीपेरुंबुदूरजवळ मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० पासून चालू आहे, लांबी ३.७१७ किलोमीटर आणि वळणं १२. कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, साधारण २.१ किलोमीटरचा. एस. करिवर्धन यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. फॉर्म्युला मारुती गाड्या घडवून त्यांनी आपल्याकडं साध्या माणसाला रेसिंगचं दार उघडून दिलं. अप्पांना त्यांच्याबद्दल फार आदर आहे, कारण मारुतीचं साधं इंजिन घेऊन रेसची गाडी बनवणं हे गॅरेजमधल्या माणसाचं स्वप्न असतं. तिसरं ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, ५.१२५ किलोमीटर. ते मोठं आणि वेगवान आहे, पहिल्या वीकेंडला तिकडं जाऊ नका. करीसारख्या लहान ट्रॅकवर वळणं लवकर पाठ होतात.

बायपासवर सराव करायचा नाही

हे एकदाच सांगते. धुळ्याचा बायपास, जळगाव-भुसावळ हायवे, शिरपूरकडचा रस्ता, यातलं काहीही सरावाची जागा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणं रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकतात. पण माझं कारण कायद्याच्या आधीचं आहे. त्या रस्त्यांवर रात्री केळीचे ट्रक असतात, ऊसतोडीच्या गाड्या असतात, दिवा नसलेली बैलगाडी असते. जो पोरगा रस्त्यावर करामती करतो त्याला आम्ही टीमजवळ उभंसुद्धा करत नाही. सराव करायचा तर पुण्या-मुंबईकडं कार्टिंगचे ट्रॅक आहेत तिथं करा. कार्टमध्ये ब्रेक कधी सोडायचा हे पायाला कळतं.

लायसन्स आणि कागद

आपल्या देशात मोटरस्पोर्टचं नियंत्रण फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया करते. सगळे एफएमएससीआय म्हणतात. स्पर्धेत उतरायचं तर त्यांचं लायसन्स लागतं, आरटीओचं लायसन्स पुरत नाही. अर्जासोबत डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि रक्तगट द्यावा लागतो. लायसन्स वर्षापुरतं असतं. त्याआधी एखाद्या रेसिंग स्कूलचं प्रशिक्षण कराच. दोन-तीन दिवसांत तिथं जे कळतं ते घरी वर्षभर धडपडून कळत नाही, आणि तिथं गाडी त्यांची असते.

प्रत्येक स्पर्धेचं स्वतःचं नियमपत्रक निघतं, त्याला सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स म्हणतात. ते मी छापून घेते आणि घरात मोठ्यानं वाचते, सगळ्यांना समोर बसवून. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळं मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. वजन किती, टायर कोणते, पेट्रोल कुठून घ्यायचं, किती वाजता कोणत्या टेबलावर सही करायची, सगळं त्यात असतं.

विम्याचंही लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या गाडीची नेहमीची पॉलिसी शर्यतीतलं नुकसान भरून देत नाही, तसं तिच्यात लिहिलेलंच असतं. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च घरातून जातो. ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केलेली असावी. आमच्याकडं आईनं स्पष्ट विचारलं होतं, ‘गाडी पुरी गेली तर चालेल का आपल्याला?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येत नसेल तर आणखी स्वस्त गाडी बघा.

गाडी घ्या, बांधत बसू नका

गॅरेजवाल्या घराला वाटतं, आपणच बांधू. अप्पांनाही वाटलं होतं. पण रोल केज (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवलेला लोखंडी पिंजरा), रेसिंग सीट, सहा पट्ट्यांचे बेल्ट, कट-ऑफ स्विच (सगळी वीज आणि इंजिन एकदम बंद करणारा), अग्निशामक हे सगळं नियमाप्रमाणं बसवायचं तर वेळ आणि पैसा दोन्ही तयार गाडीपेक्षा जास्त जातात. आम्ही एका टीमनं विकायला काढलेली जुनी एस्टीम घेतली, केजसकट. १.३ लिटरच्या या मारुती आपल्याकडच्या टूरिंग कार शर्यतींत वर्षानुवर्षं पळाल्या आहेत. तिचं इंजिन अप्पांना डोळे मिटून उघडता येतं, आणि सुटे भाग जळगावच्या बाजारातही मिळतात. घेण्याआधी ती गाडी तुम्हाला हव्या त्या गटात या वर्षी बसते का, हे नियमपुस्तिकेत बघून घ्या.

सारंगखेड्याला घोडा घेताना लोक आधी दात बघतात, तसं रेसच्या गाडीत आधी केजचे वेल्ड बघा. केज गाडीच्या सांगाड्याशी जिथं जोडलाय तिथला पत्रा गंजलाय का, वाकलाय का ते खाली झोपून बघा. बेल्टवर मुदतीची पट्टी शिवलेली असते. आमच्या गाडीचे बेल्ट दिसायला नवे होते आणि मुदत संपलेली होती. विकणाऱ्यानं ते सांगितलं नव्हतं आणि आम्ही पट्टी वाचली नव्हती. नवे बेल्ट घ्यावे लागले.

हेल्मेट आणि कपड्यांत काटकसर करू नका. मोटारसायकलचं हेल्मेट चालत नाही, कार रेसिंगचं मान्यताप्राप्त हेल्मेटच लागतं, आगीचा विचार करून बनवलेलं. आग न धरणारा ओव्हरऑल, तसेच आतले कपडे, मोजे, हातमोजे, बूट. मानेला आधार देणारा हान्स. समोरून धडक बसली तर डोकं पुढं फेकलं जाऊन मानेला जी इजा होते ती तो थांबवतो. गाडी जुनी चालेल, हे सगळं नवं घ्या.

इतकं सगळं झेपणारं नसेल तर आणखी एक वाट आहे. काही टीम मेकॅनिकसकट गाडी वीकेंडपुरती भाड्यानं देतात. पहिल्यांदा तसंच करा असं मी बऱ्याच जणांना सांगते. एका वीकेंडमध्ये कळतं की हा छंद आपल्या घराला मानवतो का.

कोणाचं काम कोणतं

इथं मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरची टीम इथंच मोडते.

घरात सगळ्यांना सगळं करायची सवय असते. लग्नकार्यात ती चालून जाते. ट्रॅकवर दोन माणसांनी एकच नट आवळला की तिसरा नट कोणीच आवळत नाही. म्हणून आमच्याकडं प्रत्येकाचं काम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे आणि दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही. लावायची वेळ आलीच तर तोंडानं सांगायचं, ‘मी लावला’, आणि ज्याचं काम आहे त्यानं पुन्हा बघायचं.

चाकाचे नट चुलतभाऊ आवळतो, टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना), समोरासमोरच्या क्रमानं, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं. आवळून झाल्यावर नटावर पिवळ्या पेनानं रेघ ओढतो. अप्पा मागून येऊन रेघा मोजतात. चार चाकं, सोळा रेघा. सोळा झाल्याशिवाय जॅक खाली येत नाही. पहिल्या वर्षी घाईत होतो तेव्हा अप्पा म्हणाले, ‘घाई करू नको भो, मोज’, आणि तेच आता टीममध्ये रूढ झालंय. कोणी धांदल करायला लागलं की कोणीतरी म्हणतंच, ‘मोज.’

आईनं गावात वर्षानुवर्षं बचत गटाचं रजिस्टर सांभाळलंय, त्यामुळं घड्याळ तिच्याकडं गेलं. स्पर्धेत गाडीला ट्रान्सपाँडर, म्हणजे वेळ नोंदवणारं छोटं यंत्र, लावतात आणि अधिकृत वेळ संगणकावर येतेच. तरी आमचं घड्याळ लागतं. प्रत्येक लॅप, म्हणजे ट्रॅकची एक फेरी, झाला की आई वेळ लिहिते आणि शेजारी एक शब्द: ‘गर्दी’, ‘मोकळा’, ‘घसरला’. संध्याकाळी नुसत्या आकड्यांवरून काही कळत नाही, त्या एका शब्दावरून कळतं. पिटच्या (ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवून काम करायची जागा) भिंतीवरून दादाला पाटी दाखवायचं कामही तिचंच. पाटीवर फक्त दोन गोष्टी असतात, मागच्या लॅपची वेळ आणि उरलेले लॅप. ताशी दीडशेच्या वेगात माणूस पाटीवर निबंध वाचू शकत नाही.

वहिनीचं काम लोकांना सोपं वाटतं. ते तसं नाही. बंद गाडीत, तीन पदरी कपड्यांत, इंजिनच्या शेजारी बसलेला माणूस घामानं रिकामा होतो. तहान लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. सकाळपासून दर तासाला ठरवलेलं पाणी आणि ओआरएस ती त्याला देते, तो नको म्हणाला तरी. शर्यतीआधी दोन तास जड जेवण बंद.

ड्रायव्हरचं काम काय? गाडी चालवणं, आणि खाली उतरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत गाडी कशी वागली ते मला सांगणं. मी लिहून घेते. त्या पाच मिनिटांत कोणी ‘भारी चालवलीस’ म्हणत नाही, कोणी चहा देत नाही. नंतर सगळं. माणसाची आठवण फार लवकर गोड होते.

घरी महिनाभर आधी

ब्रेक ऑइल बदला. नवीन डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतली ओल शोषून घेतं आणि ओलावलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ट्रॅकवर ब्रेक इतके तापतात की ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल थेट खाली जातं. गावात गाडी दहा वर्षं चालवून कधी न आलेला अनुभव ट्रॅकवर पाचव्या लॅपला येऊ शकतो. त्यामुळं प्रत्येक वीकेंडआधी नवीन ऑइल, सीलबंद डब्यातलं. उघडा राहिलेला अर्धा डबा रेसच्या गाडीत नको.

झेंडे घरातल्या सगळ्यांना यायला हवेत, फक्त ड्रायव्हरला नाही. आईनं जुन्या साड्यांचे आणि अस्तराच्या कापडाचे झेंडे शिवले. रात्री जेवणानंतर ओट्यावर ती एकेक झेंडा उचलायची आणि दादानं एका सेकंदात उत्तर द्यायचं. पिवळा: पुढं धोका, वेग कमी, कोणाला मागं टाकायचं नाही. दोन पिवळे: रस्ता अडलेला असू शकतो, थांबायच्या तयारीत राहा. लाल: सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा: मागून जास्त वेगाची गाडी येते आहे. पिवळ्या-लाल पट्ट्या: रस्ता निसरडा, तेल किंवा पाणी. पांढरा: पुढं हळू चालणारं वाहन. काळ्यावर नारिंगी गोल आणि सोबत आपला नंबर: तुमच्या गाडीत बिघाड दिसतोय, पिटमध्ये या. नुसता काळा आणि आपला नंबर: आत या, अधिकाऱ्यांना तुमच्याशी बोलायचं आहे. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. शेवटी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा. आमच्या घरातलं आठ वर्षांचं पोर आता हे सगळे झेंडे ओळखतं.

आपल्याकडच्या उन्हाचा एक उपयोग होतो. एप्रिलमध्ये दुपारी दादा पूर्ण कपडे, हेल्मेट, हातमोजे घालून अंगणात उभ्या गाडीत वीस मिनिटं बसायचा, दारं उघडी ठेवून आणि वहिनी शेजारी उभी. बेल्ट सोडून बाहेर पडायचा सरावही त्यातच झाला. दोन्ही दारांनी, डोळे मिटून. गाडीत धूर झाला तर काही दिसत नाही, तेव्हा हाताला रस्ता पाठ हवा. हा सराव थंडीतही करा.

गाडी न्यायची कशी

रेसची गाडी रस्त्यावर चालवत न्यायची नसते. आम्ही १७ फुटी आयशर करतो. चढवायला गावातल्या जिनिंगचा धक्का, म्हणजे माल चढवायचा उंच ओटा, कामाला येतो. कापसाचा हंगाम नसला की मालक आनंदानं परवानगी देतात. पण ट्रॅकवर असा धक्का मिळेलच असं नाही, म्हणून दोन भक्कम लोखंडी फळ्या सोबत घ्या, आणि उतरवताना ट्रकची मागची चाकं सखल जागेत उभी करा, म्हणजे उतार कमी होतो. गाडी गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, चारही चाकांना रॅचेटचे पट्टे. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा, ते हमखास सैल झालेले असतात.

धुळे, नाशिक, पुणे, आणि पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की तो बंगळुरूवरून थेट श्रीपेरुंबुदूरला जातो. सगळा मिळून दीड हजार किलोमीटरच्या आसपास. आम्ही याला दोन पूर्ण दिवस आणि एक राखीव दिवस धरतो. ट्रकबरोबर अप्पा आणि चुलतभाऊ. बाकीचे नवजीवन एक्स्प्रेसनं. ती नंदुरबार, जळगाव, भुसावळवरून सरळ चेन्नईला जाते, आपल्यासाठी यासारखी सोय नाही. ड्रायव्हरला ट्रकमध्ये पाठवू नका. दोन रात्री अवघडलेला माणूस शुक्रवारी उपयोगाचा राहत नाही.

सोबत कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा घ्या, पण ठेचा ड्रायव्हरला रविवारी संध्याकाळीच द्या.

चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो. आपल्याकडं पाऊस संपलेला असतो म्हणून लोक ताडपत्री घरी ठेवून जातात. ठेवू नका. पॅडॉकमध्ये उभं राहायला तंबू, खाली अंथरायला ताडपत्री आणि वायपरचं पाणी.

शुक्रवार: तपासणी

पहिलं काम सही आणि कागद. लायसन्स, तब्येतीचं प्रमाणपत्र, गाडीचे कागद, फोटो, सगळ्याच्या दोन-दोन प्रती एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. टीमच्या माणसांना पास मिळतात, ते गळ्यातून काढायचे नाहीत.

मग स्क्रूटिनी. तपासणारे अधिकारी चूक काढायला बसलेले नसतात. ती गाडी उलटली, पेटली, तर आतला माणूस बाहेर येईल का, एवढंच ते बघतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका, वहीत लिहून घ्या. आमची वहीतली यादी अशी तयार झाली: अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का आणि तो घट्ट बसवलाय का. कट-ऑफ स्विचवर निळ्या त्रिकोणातली विजेची खूण आहे का, आणि चालू इंजिन त्यानं खरोखर बंद पडतं का. बॅटरी हलते का, तिची टोकं झाकलेली आहेत का. स्टिअरिंगचं लॉक काढलंय का. अ‍ॅक्सिलरेटरला परतीची जास्तीची स्प्रिंग आहे का. ब्रेकचे दिवे लागतात का, कारण मागच्याला तेवढंच दिसतं. इंजिनखाली तेलाचा थेंब आहे का. आणि ओढायचे हुक, पुढं एक, मागं एक, लांबून दिसतील अशा भडक रंगात, बाणाच्या खुणेसकट.

आमचा मागचा हुक बंपरच्या आत लपलेला होता आणि त्याला रंग नव्हता. गाडी मातीत रुतली तर मार्शल हुक शोधत बसणार, आणि तोवर मागून दुसऱ्या गाड्या येत राहणार. अधिकाऱ्यांनी हे सांगितलं तेव्हा अप्पा गप्प झाले. बंपर कापून, हुक बाहेर काढून, रंग देऊन पुन्हा रांगेत लागेपर्यंत सरावाचं पहिलं सत्र गेलं. तो रंगाचा डबा अजून आमच्या पेटीत असतो.

संध्याकाळी दादा, चुलतभाऊ आणि मी ट्रॅकवर पायी फिरतो, परवानगी असेल तर. पायी चालल्यावर कळतं की वळण डोळ्याला वाटतं त्यापेक्षा लांब आहे, कुठं डांबराचा जोड आहे, कुठं वाळू आलीय, मार्शलच्या चौक्या नेमक्या कुठं आहेत. झेंडा कुठून दिसणार हे आधीच माहीत असलं की डोळे आपोआप तिकडं जातात.

शनिवार: सराव, क्वालिफाइंग आणि हवा

ड्रायव्हर ब्रीफिंगला हजर राहणं सक्तीचं असतं. दहा मिनिटं आधी जा.

पहिल्या सत्रात एकच उद्देश ठेवा, गाडी आणि माणूस दोघंही धड परत यावेत. पाच-सहा लॅप, मग पिटमध्ये. बॉनेट उघडा, गळती बघा, नट मोजा. हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले ब्रेक दाबून ठेवले तर चिकटतात, वाकतात. चाकाला ठोकळा लावा.

टायरच्या हवेचं थोडं समजून घ्या, कारण नवख्या टीमला फुकटात मिळणारा वेग इथंच आहे. टायरचं तापमान १० अंशांनी वाढलं की आतली हवा साधारण दीड पौंडानं वाढते. म्हणजे सकाळी थंड टायरमध्ये २८ पौंड भरली तर चार-पाच लॅपनंतर ती ३४-३५ च्या घरात गेलेली असते. टायर फुगला की मधलाच भाग रस्त्याला टेकतो आणि गाडी सरकते. त्यामुळं आपल्याला महत्त्वाची गरम हवा, थंड नाही. गाडी पिटमध्ये थांबताक्षणी चुलतभाऊ चारही टायर मोजतो, नेहमी त्याच क्रमानं, नेहमी त्याच गेजनं. दुसऱ्याचं गेज उसनं घेतलं की मागचे सगळे आकडे निरुपयोगी होतात. मी वहीत लिहिते: वेळ, ऊन की ढग, थंड हवा, गरम हवा, दादा काय म्हणाला. घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून डाव्या बाजूचे टायर जास्त तापतात, त्यांत सकाळी एखादा पौंड कमी भरावा लागतो. दुपारी डांबर तापलं की आणखी कमी. तीन वीकेंडनंतर आमच्या वहीत इतकं जमा झालं की सकाळी आकाशाकडं बघून हवा ठरवता येते.

पेट्रोल भरताना गाडीत कोणी बसायचं नाही, फोन लांब, आणि एक जण अग्निशामक हातात धरून उभा. इतर कामं थांबली तरी चालेल.

पिट लेनमध्ये लहान मुलांना आणता येत नाही. घरची टीम असली की मुलं सोबत असतातच, तर त्यांच्याजवळ एक मोठं माणूस पॅडॉकमध्ये राहील हे आधी ठरवा. आमच्याकडं पाळी असते. आणि चप्पल घालून कोणीही पिटमध्ये जायचं नाही, बंद बूटच.

क्वालिफाइंगमध्ये लगेच सुसाट सुटू नका. टायर तापायला दोन लॅप द्या, पुढच्या गाडीपासून अंतर घ्या, मग दोन लॅप मन लावून. जिथं नंबर लागेल तिथून सुरू करायचं.

रविवार: शर्यत

ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगांत, गाड्या लागल्या की मिनिटांच्या पाट्या दाखवतात आणि टीमला बाहेर जायला सांगतात. पहिल्याच पाटीला निघा. शेवटी बेल्ट ओढायचं काम आमच्याकडं अप्पांचं आहे. खांद्याचे पट्टे इतके घट्ट की दादाला दीर्घ श्वास घेताना अडावं. मग ते छतावर दोनदा थाप मारतात आणि मागं वळून न बघता चालायला लागतात.

नवख्या ड्रायव्हरला एकच सूचना द्या: पहिल्या वळणावर जागा सोड. सगळ्या गाड्या एकाच वेळी एकाच ठिकाणी पोहोचतात, टायर थंड असतात, आणि तिथं मिळवलेली एक जागा पुढच्या दहा लॅपमध्येही मिळवता येते. ठोकलेली गाडी मात्र धरणगावला ट्रकमधून ढकलत उतरवावी लागते. निळा झेंडा दिसला तर आपल्या रेषेवर सरळ राहा, अचानक बाजूला होऊ नका. मागच्याला तुम्ही कुठं असणार ते कळायला हवं.

चौकटीचा झेंडा पडल्यावर एक लॅप सावकाश, ब्रेक आणि इंजिन थंड होण्यासाठी. मग अधिकारी सांगतील तिथं, बंद आवारात गाडी उभी करायची. त्याला पार्क फर्मे म्हणतात. तिथं गाडीला हात लावायचा नाही, हवा मोजायचीही नाही, निकाल पक्का होईपर्यंत. आनंदात धावत जाऊन बॉनेट उघडणारी घरची माणसं मी बघितली आहेत. आपल्या माणसांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा. कधी वजन होतं, कधी एखादा भाग उघडून बघतात. निकालाबद्दल तक्रार करायची तर ठरलेल्या मुदतीत, लेखी आणि शुल्क भरून करावी लागते, ओरडून काही होत नाही.

पहिल्या वीकेंडला दादा शेवटून दुसरा आला. आईनं त्या पानावर लिहिलं आहे: ‘सगळे लॅप पूर्ण. गाडी स्वतः चालत ट्रकवर चढली.’

घरी आल्यावर

गाडी उतरवली की दोन दिवसांत इंजिन ऑइल काढा आणि ड्रेनच्या नटाचं चुंबक बोटानं पुसून बघा. बारीक राखेसारखा थर असला तर ठीक, चमकणारे कण दिसले तर इंजिन उघडायचं. ब्रेक पॅड मोजा आणि जाडी लिहा. चाकांच्या बेअरिंगला हातानं झोका द्या. केजचे वेल्ड पुन्हा बघा. बेल्टवर तेल सांडलं असेल तर तो बेल्ट बदला.

खर्चाचं पान त्याच आठवड्यात पूर्ण करा, पावत्या हरवायच्या आत. आमचा सगळ्यात मोठा आकडा गाडीच्या वाहतुकीचा निघाला, टायरचा नाही. म्हणून पुढच्या वेळी आम्ही दुसऱ्या एका टीमशी बोलून ट्रक वाटून घेतला.

ओव्हरऑल थंड पाण्यात साध्या साबणानं धुवा, ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रव नको. आणि घरात वाळवा, किंवा ओट्यावर सावलीत. दोरीवर उन्हात टाकू नका. आग अडवणारं ते कापड उन्हानं कमजोर होतं, आणि आपल्याकडं ऊन भरपूर आहे.